जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम : बुद्धभूमीचा नकाशा पुन्हा मांडणारा माणूस

आपल्या विहारातून बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती अशा यात्रा निघतात. उपासक-उपासिका वर्षभर पैसे साठवून, रजा टाकून जातात. तिथं गेल्यावर गाईड सांगतो की हे जेतवन, हे महापरिनिर्वाणाचे स्थळ. आपण हात जोडतो, वंदना घेतो, फोटो काढतो आणि पुढच्या गाडीला लागतो. मागे एका यात्रेत श्रावस्तीला एका लहान मुलीने मला विचारलं की काका, हेच जेतवन हे गाईडला कुणी सांगितलं? मी गप्प राहिलो. मला उत्तर माहीत नव्हतं. नंतर हळूहळू वाचत गेलो. इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली, आणि त्यातून जो माणूस समोर आला त्याची हकीकत आपल्या स्मरणिकेत यावी म्हणून हा लेख लिहीत आहे.

दोनशे वर्षांपूर्वी ह्या जागी जाऊन विचारलं असतं तर बहुतेक ठिकाणी कुणालाच काही सांगता आलं नसतं. बोधगयेला ब्रह्मदेशचे लोक अधूनमधून येत असत, तेवढी एक जागा अगदीच विसरली गेली नव्हती. बाकी सगळीकडे टेकाडं, त्यावर वाढलेलं रान आणि खाली पुरलेल्या विटा. कुशीनगरजवळ भगवान बुद्धांची एक काळी पाषाणमूर्ती होती, तिला गावचे लोक माथाकुंवर म्हणत. संकिसाच्या टेकाडावर बिसारी देवीचं देऊळ उभं होतं. बुद्ध ह्या देशात जन्मले हेच ह्या देशाला आठवत नव्हतं.

अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील अ‍ॅलन कनिंगहॅम मूळचे स्कॉटलंडचे. लहानपणी ते आपल्या भावाच्या हाताखाली पाथरवटाचं काम शिकले, पुढे कवी म्हणून नावाजले आणि चँट्री नावाच्या शिल्पकाराच्या कारखान्यात देखरेखीचं काम करीत. म्हणजे दगडाला टाकी लावणाऱ्या घरातला हा मुलगा. घरची परिस्थिती बेताची. वडिलांच्या ओळखीने, सर वॉल्टर स्कॉट ह्या प्रसिद्ध लेखकाच्या शिफारशीवर मुलांना कंपनी सरकारच्या फौजेत जागा मिळाल्या. थोरला भाऊ जोसेफ यानेही पुढे शिखांचा इतिहास लिहिला आणि त्यात खरं लिहिलं म्हणून हातची मोठी नेमणूक घालवून बसला.

अलेक्झांडर १८३३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बंगाल इंजिनिअर्समध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून हिंदुस्थानात आला. तिथं त्याची गाठ जेम्स प्रिन्सेप यांच्याशी पडली आणि आयुष्याची दिशा बदलली. प्रिन्सेप हे टांकसाळीतले अधिकारी, धातू पारखणारे. त्यांना जुन्या नाण्यांचा आणि जुन्या लिपीचा नाद. सांची येथील कठड्यांवरच्या बारीकसारीक लेखांचे ठसे त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी पाहिलं की बहुतेक लेख एकाच दोन अक्षरांनी संपतात. मंदिराला, स्तूपाला लोक काय देतात? दान. ती अक्षरं ‘दानं’ अशी लागली आणि १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. सम्राट अशोक त्यानंतर बोलू लागला. गरीब-श्रीमंत उपासकांनी दिलेल्या दगडांवरच्या नावांनी हे कुलूप उघडलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण कनिंगहॅमने त्याच्याही आधी, एकविसाव्या वर्षी, सारनाथला हात घातला होता. तिथला मोठा धमेक स्तूप म्हणजे काय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी, १७९४ मध्ये, काशीचे दिवाण जगतसिंग यांच्या माणसांनी बाजाराच्या बांधकामासाठी तिथला शेजारचा दुसरा स्तूप विटांसाठी फोडला होता. त्यात दगडी पेटी आणि आत अस्थी सापडल्या, त्या गंगेत सोडून दिल्या गेल्या. तोच स्तूप पुढे अशोकाचा धर्मराजिका स्तूप म्हणून ओळखला गेला. आज तिथं नुसता गोल पाया दिसतो.

तरुण कनिंगहॅमने १८३५ च्या जानेवारीत धमेक स्तूपाच्या माथ्यावरून सरळ खाली विहीर खणायला सुरुवात केली. पैसे स्वतःच्या खिशातले, पाचशे रुपयांच्या वर खर्च आला. वरचं वीटकाम सोपं, पण खालचा भाग एकसंध दगडी, लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांत जखडलेला. काम वर्षभराहून जास्त चाललं. अस्थिकरंडक मिळालाच नाही. मिळाली एक लेख कोरलेली शिला. त्या शिलेवर ती प्रसिद्ध गाथा होती, जी अश्वजित भिक्खूंनी सारिपुत्तांना सांगितली आणि जी ऐकून सारिपुत्त तथागतांच्या संघात आले. सर्व गोष्टी कारणापासून उत्पन्न होतात ह्या अर्थाची ती गाथा आपणा सर्वांना ठाऊक आहे.

तिथंच शेजारी खणताना साठेक मूर्ती आणि कोरीव दगड सापडले. काही त्याने कलकत्त्याला पाठवले. मागे राहिलेल्या चाळीसेक मूर्ती पुढे एका गोऱ्या अधिकाऱ्याने गाड्यांत भरून नेल्या आणि वरुणा नदीवरच्या पुलाखाली टाकल्या. कारण काय, तर पुलाच्या कमानींमधला नदीचा तळ वाहून जाऊ नये! ही हकीकत कनिंगहॅमने स्वतः लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळली. जगतसिंग आणि हा पुलवाला साहेब यांच्यात मला काही फरक दिसत नाही. एकाला विटा हव्या होत्या, दुसऱ्याला भराव.

नोकरीचा भाग मी थोडक्यात सांगतो. गव्हर्नर जनरलचा अंगरक्षक अधिकारी, काश्मीर, लडाखच्या सरहद्दीची आखणी, शिखांच्या लढाया, ब्रह्मदेशात आणि मग वायव्य प्रांतात चीफ इंजिनिअर. पण जिथं जाई तिथं दगडाकडे लक्ष. काश्मीरमधल्या मार्तंडासारख्या मध्ययुगीन देवळांची मापं घेऊन त्याने १८४८ मध्ये निबंध लिहिला. खांब कसा, छप्पर कसं, तोरण कसं ह्यावरून इमारतीचं वय काढता येतं, हे शास्त्र तेव्हा नुकतंच उभं राहत होतं.

आता खरी किल्ली सांगतो. फाहियान आणि ह्युएनत्संग हे चिनी भिक्खू अनुक्रमे पाचव्या आणि सातव्या शतकात आपल्याकडे आले होते. कुठल्या नगरापासून कुठल्या दिशेला किती चाललो, वाटेत स्तूप किती, विहार किती, भिक्खू किती हे सारं त्यांनी लिहून ठेवलं. फाहियानचं पुस्तक १८३६ मध्ये फ्रेंच भाषेत छापलं गेलं, ह्युएनत्संगचं १८५७-५८ मध्ये. कनिंगहॅमने ही पुस्तकं वाटाड्यासारखी हातात धरली. चिनी ‘ली’ म्हणजे किती मैल ते बसवलं आणि चालत निघाला. १८४२ साली त्याने संकिसा ओळखलं. तिथल्या अशोकाच्या स्तंभाचा हत्ती त्याला सापडला. चिनी यात्रेकरूंनी मात्र तिथं सिंह लिहिला होता. कनिंगहॅमने उलगडा केला की हत्तीची सोंड तेव्हाच तुटलेली असणार, आणि उंच खांबावरचा बिनसोंडेचा हत्ती खालून सिंहासारखा दिसला असणार. असा हा माणूस. पुस्तकावर भरवसा ठेवायचा, पण डोळे मिटून नाही.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. संकिसा सापडल्यावर त्याने सरकारदरबारी जे मांडलं त्यात हेतू आपल्या धम्माचा नव्हता. ब्राह्मणी धर्म अनादि नाही, मध्ये शेकडो वर्षं बौद्ध धम्म ह्या देशात प्रबळ होता, हे उघड केलं तर इंग्रजी राज्याला फायदा होईल आणि ख्रिस्ती धर्माच्या प्रसारालाही वाट मोकळी होईल, असा त्याचा हिशोब होता. तो बौद्ध झाला नाही. आपले काही कार्यकर्ते भाषणात त्याला बोधिसत्त्वच करून टाकतात, ते बरोबर नाही. साहेबाच्या मनात काय होतं ते साहेबाबरोबर गेलं. दगडावर जे कोरलेलं होतं ते आपल्याकडे आलं.

१८५१ च्या सुरुवातीला लेफ्टनंट मेझी ह्या सहकाऱ्याबरोबर तो सांचीला आला. सांचीचा मोठा स्तूप १८२२ मध्ये दुसऱ्याच एका कॅप्टनने एका बाजूने फोडून ठेवला होता. ह्या दोघांनी मधोमध विहीर खणली, काही मिळालं नाही. मग शेजारच्या तिसऱ्या स्तूपात त्यांना दोन दगडी पेट्या मिळाल्या. एका झाकणावर सारिपुत्तांचं नाव, दुसऱ्यावर महामोग्गल्लानांचं. पेटीच्या आत छोटा करंडक, त्यात अस्थीचा तुकडा आणि काही मणी. करंडकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शाईने लिहिलेलं एकेक अक्षर होतं, एकात ‘सा’, दुसऱ्यात ‘म’. दोन हजार वर्षं जमिनीत राहूनही शाई वाचता येत होती. ज्या सारिपुत्तांची गाथा त्याला सारनाथला विशीत सापडली, त्यांच्या अस्थी सोळा वर्षांनी त्याच हातांनी बाहेर काढल्या.

बाहेर काढल्या, पण ठेवल्या नाहीत. थोड्या आठवड्यांत आसपासच्या पाच ठिकाणचे कितीतरी स्तूप उघडून झाले आणि मिळेल ते वाटून घेऊन दोघे गेले. स्तूप पुन्हा बांधायचा, निदान भोक बुजवायचं, हे सुद्धा नीट केलं नाही. सांचीची खरी डागडुजी १८८१ नंतर सुरू झाली आणि सर जॉन मार्शल यांनी १९१२ ते १९१९ मध्ये ती पुरी केली. मेझींनी नेलेले अस्थिकरंडक लंडनच्या म्युझियममध्ये काचेआड बसले. बौद्धांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर १९४७ मध्ये ते परत मिळाले, आधी श्रीलंकेत गेले, १९४९ मध्ये कलकत्त्यास आले आणि १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीच्या चेतियगिरी विहारात त्यांची स्थापना झाली. दर वर्षी नोव्हेंबरअखेर तिथं अस्थींचं दर्शन होतं. शंभर वर्षांचा हा फेरा आपल्या माणसांना ठाऊक असायला हवा.

३० जून १८६१ रोजी कनिंगहॅम फौजेतून मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला. वय सत्तेचाळीस. दुसरा कोणी पेन्शन घेऊन विलायतेला गेला असता. ह्याने व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगला अर्ज लिहिला की शंभर वर्षं सरकारने ह्या देशाच्या जुन्या इमारतींसाठी काही केलं नाही, निदान त्या कुठं आहेत, किती आहेत, कुठल्या काळातल्या आहेत एवढं तरी मोजून, रेखाटून ठेवा. असाच प्रस्ताव त्याने १८४८ मध्येही दिला होता, तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं. ह्या खेपेला मान्य झाला. डिसेंबर १८६१ पासून तो सरकारचा पुरातत्त्व सर्व्हेअर झाला. आजच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची सुरुवात तीच. आपल्या लेण्यांसमोर निळा बोर्ड दिसतो ना, त्याचं मूळ ह्या अर्जात आहे.

सुरुवातीचं खातं म्हणजे हा एकटा माणूस, थोडी माणसं आणि तंबू. थंडीच्या दिवसांत फिरायचं, मापं घ्यायची, लेखांचे ठसे उमटवायचे, उन्हाळ्यात बसून लिहायचं. पहिल्याच दोन-तीन हंगामांत त्याने काय केलं ते बघा. बडगाव म्हणजे नालंदा हे त्याच्या आधीही एकाने सुचवलं होतं, ह्याने ते पक्कं केलं. बसाढ म्हणजे वैशाली. कोसम म्हणजे कोसंबी. कसिया म्हणजे कुशीनगर. साहेठ-माहेठ म्हणजे श्रावस्ती. शाहढेरी म्हणजे तक्षशिला. त्रिपिटकातली नावं एकेक करून जमिनीवर उतरली.

श्रावस्तीची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण प्रश्न तिथंच निघाला होता. साहेठच्या रानात एका छोट्या मंदिराच्या ढिगाऱ्यात त्याला सात फुटांहून उंच बोधिसत्त्वाची मूर्ती मिळाली. पायाशी लेख होता की भिक्खू बल यांनी ही मूर्ती श्रावस्तीत कोसंबकुटीमध्ये स्थापन केली. एवढा पुरावा त्याला पुरेसा वाटला. पण नंतरच्या विद्वानांनी शंका काढली की मूर्ती दुसरीकडून आणली असेल, खरी श्रावस्ती नेपाळच्या बाजूला असेल. कनिंगहॅम वारल्यावर पंधराएक वर्षांनी, १९०८ च्या खोदकामात, तिथल्या एका विहारात ताम्रपट निघाला. कनोजचा राजा गोविंदचंद्र याने इ. स. ११३० मध्ये जेतवन महाविहारातल्या संघाला सहा गावं दान दिल्याचा तो ताम्रपट. वाद मिटला. तर त्या मुलीला आता माझ्याकडे उत्तर आहे. हे जेतवन हे सांगितलं जेतवनानेच, ऐकणारा माणूस मात्र कनिंगहॅम होता.

आणि ती तारीख पुन्हा वाचा. अकराशे तीस. आपल्याला शाळेत असं शिकवलं की शंकराचार्य आले आणि आठव्या शतकात बौद्ध धम्म संपला. संपला असता तर बाराव्या शतकात जेतवनात भिक्खुसंघ कसा? त्याच राजाची राणी कुमारदेवी बौद्ध होती, तिने सारनाथला विहार बांधला, त्याचे अवशेष आजही तिथं आहेत. नालंदा, बोधगया, सारनाथ इथं सापडलेल्या मूर्तींपैकी कितीतरी पाल राजांच्या काळातल्या, म्हणजे आठव्या ते बाराव्या शतकातल्या आहेत. माथाकुंवरची मूर्तीही त्याच मध्ययुगातली. ह्या मध्ययुगीन दगडविटांचा अभ्यास झाला नसता तर आपण अजून ती शाळेतली गोष्टच खरी धरून बसलो असतो.

पण सरकारला विटांत काय रस! १८६५-६६ च्या सुमारास हे खातं बंद करण्यात आलं. कनिंगहॅम विलायतेला गेला, एका बँकेचा डायरेक्टर झाला. पुढे खातं पुन्हा उभं राहिलं आणि १८७१ मध्ये त्याला डायरेक्टर जनरल म्हणून बोलावणं आलं, तेव्हा सत्तावन्न वर्षांचा माणूस पुन्हा बैलगाडीच्या रस्त्याला लागला. आमच्या गिरणीत अठ्ठावन्नला माणसाला घरी पाठवीत, आणि तोवर त्याचे गुडघे आणि छाती दोन्ही गेलेले असत. ह्या वयात ह्याने चौदा वर्षं आणखी काढली. बेगलर आणि कार्लाइल हे त्याचे दोन मदतनीस. अहवालांचे २३ खंड निघाले. आपल्याकडची पश्चिमेची लेणी मात्र त्याच्या वाट्याला फारशी आली नाहीत, ते काम जेम्स बर्जेस यांनी केलं.

१८७३ च्या नोव्हेंबरात सतन्याजवळ भारहूत येथे त्याला स्तूपाचा कठडा दिसला. स्तूप जवळजवळ नाहीसा झाला होता, विटा आसपासच्या गावांतल्या घरांत गेल्या होत्या. उरलेल्या कठड्यावर जातककथा कोरलेल्या आणि प्रत्येकीखाली नाव. एका गोल शिल्पात बैलगाडी थांबली आहे, माणसं जमिनीवर नाणी अंथरीत आहेत. अनाथपिंडिक जेतवन विकत घेतोय! ज्या जेतवनाची जागा त्याने दहा वर्षांपूर्वी ठरवली होती, त्याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा फोटोच जणू. दगड तिथं ठेवले तर उरणार नाहीत हे ओळखून त्याने ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमला हलवले. काहींनी त्याला तेव्हा नावं ठेवली. पण जे मागं राहिलं ते खरोखरच लोकांनी नेलं.

कुशीनगरला १८७६-७७ मध्ये कार्लाइल यांनी खोदकाम केलं आणि तथागतांची वीस फुटांची पहुडलेली मूर्ती तुकड्यातुकड्यांत बाहेर आली. तुकडे जुळवून त्यांनी ती पुन्हा उभी, म्हणजे पुन्हा निजवली म्हणायचं. जागा ओळखली गेली म्हणून भिक्खू तिथं येऊन राहिले, विहार झाला. त्याच कुशीनगरात राहणाऱ्या पूज्य भदंत चंद्रमणी महास्थविरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा दिली. आणि नोव्हेंबरात काठमांडूची परिषद आटोपून येताना बाबासाहेब सारनाथला, कुशीनगरला जाऊन आले. महापरिनिर्वाणाच्या आधी जेमतेम काही दिवस. हा धागा कुठून कुठं जातो बघा.

बोधगयेचं काम सर्वात अवघड. महाबोधी महाविहार पडायला आला होता, माती आणि ढिगाऱ्यात पार बुडालेला. १८७६ च्या वादळात जुना बोधिवृक्षही कोसळला. १८७७ मध्ये ब्रह्मदेशच्या राजाची माणसं दुरुस्तीला आली, पण त्यांनी भराभर जुनं काढून नवं करायला घेतलं, म्हणून सरकारने राजेंद्रलाल मित्र ह्या बंगाली विद्वानांना पाहायला पाठवलं. शेवटी १८८० ते १८८४ मध्ये बेगलर यांनी कनिंगहॅमच्या सल्ल्याने सरकारी पैशाने सारं मंदिर सावरलं. पण मूळ शिखरं कशी होती, चार कोपऱ्यांवर काय होतं हे कळायचं कसं? ढिगाऱ्यात एक लहानसं दगडी मंदिर सापडलं, महाबोधी मंदिराचीच मध्ययुगातली प्रतिकृती. त्या काळी यात्रेकरू अशा प्रतिकृती करीत. त्या बारक्या दगडावरून आजचं मंदिर उभं राहिलं. दुरुस्ती जरा जास्तच झाली, गिलावा फार चढवला, अशी टीका नंतरच्या जाणकारांनी केली, आणि ती अगदीच खोटी नाही. पण ती दुरुस्ती झाली नसती तर आज टीका करायला मंदिर उरलं नसतं.

अंगणात खणताना नवसाचे छोटे छोटे स्तूप थरावर थर निघाले. कुणा बापड्या उपासकाने लांबून चालत येऊन एक स्तूप ठेवायचा, शंभर वर्षांनी जमीन वर चढली की त्यावर दुसऱ्याने. ह्याच विषयावर कनिंगहॅमने आपलं शेवटचं मोठं पुस्तक, महाबोधी, १८९२ मध्ये प्रसिद्ध केलं. दुरुस्तीला पैसा सरकारचा लागला, ताबा मात्र महंताचाच राहिला. अनागरिक धर्मपाल १८९१ मध्ये तिथं आले आणि तिथून जो लढा सुरू झाला, त्यातून १९४९ चा कायदा आला. त्या कायद्याने नेमलेल्या कमिटीत चार बौद्ध, चार हिंदू आणि वर जिल्हाधिकारी अध्यक्ष. बाकीचं आपण सारे जाणताच.

त्याच्या चुका सांगायच्या तर कपिलवस्तूची जागा त्याची चुकली. हडप्पाला तो तीनदा गेला. तिथल्या विटा रेल्वेच्या कंत्राटदारांनी लाहोर-मुलतान लाईनच्या सुमारे शंभर मैलांच्या भरावासाठी उपसल्या होत्या. तिथं मिळालेली मुद्रा त्याने १८७५ मध्ये छापली, पण ती परदेशी असावी म्हणून सोडून दिली. पाच हजार वर्षांची संस्कृती त्याच्या तळहातावर होती आणि त्याला ओळखता आली नाही. तो बुद्ध शोधत होता, त्यामुळे बाकीचं दिसलं नाही असं मला वाटतं.

१८८५ मध्ये तो कायमचा निवृत्त झाला. त्याच सुमारास त्याचा काही संग्रह, नाणी, फोटो घेऊन निघालेली इंडस नावाची आगबोट लंकेच्या किनाऱ्याजवळ बुडाली. उरलेली नाणी ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १८८७ मध्ये सरकारने त्याला सर केलं. २८ नोव्हेंबर १८९३ रोजी, एकोणऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९६ मध्ये, नेपाळच्या तराईत अशोकाचा स्तंभ सापडला आणि भगवान बुद्ध इथं जन्मले असा त्यावरचा लेख वाचला गेला. लुंबिनी ही एक जागा त्याच्या हयातीत सापडायची राहून गेली.

यंदाच्या यात्रेला कुणी कोलकात्यामार्गे जाणार असेल तर एक दिवस मोकळा ठेवावा. इंडियन म्युझियममध्ये भारहूतची वेगळी गॅलरी आहे. लाल दगडाचा कठडा लगेच दिसतो. बैलगाडीचं आणि नाण्यांचं शिल्प शोधावं, खाली अनाथपिंडिकाचं नाव आहे. श्रावस्तीची भिक्खू बल यांची मूर्तीही त्याच म्युझियममध्ये ठेवलेली आहे.